तेल गाळणाऱ्यांचा इतिहास



निवडणुकीचा निकाल लागला की हल्ली आपल्याकडे मिरवणुकीत जेसीबी येतो. त्याच्या पंजात गुलाल नाहीतर झेंडूची फुले भरतात आणि विजयी उमेदवाराच्या डोक्यावर उधळतात. सात-आठ टनांचे ते धूड, पण पंजा कसा अलगद उघडतो! आजीने ओंजळीतली फुले देवावर वाहावीत तसा. जमलेले लोक उमेदवाराकडे पाहतात, मोबाइलवाले फुलांकडे पाहतात. त्या लोखंडी हाताला एवढे बळ आणि एवढा हळुवारपणा एकाच वेळी कुठून येतो, याकडे कोणी पाहत नाही.

त्या हाताच्या बाजूला चकचकीत दांडे आत-बाहेर होताना दिसतात. त्यांच्या मागे असते दाबाखालचे तेल. आणि त्या तेलाच्या वाटेवर कुठेतरी एका डब्यात बसलेली असते एक गाळणी. फिल्टर म्हणा हवे तर. आज त्या गाळणीचा इतिहास सांगायचा आहे.

"बाईंना हे काय सुचले?" असे माझे जुने विद्यार्थी म्हणतील. बरोबर आहे. मी आयुष्यभर पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पान्हा कधी हातात धरला नाही. पण माझा धाकटा भाऊ तीसएक वर्षे एका कारखान्यात हायड्रॉलिक मशिनांच्या मेंटेनन्सला होता. त्याच्याकडून ऐकत गेले आणि तो गेल्यानंतर त्याच्या वह्या चाळताना पुस्तकेही वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते असे.

सुरुवात होते फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलपासून. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो दाब भांड्यात सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम आपण शाळेत पाठ केलेला आहे. त्याचा हा ग्रंथ तो गेल्यावर, १६६३ साली छापला गेला. यातली गंमत अशी, की एक चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर दहा किलोचा भार दिला, तर त्याच द्रवाला जोडलेला शंभर चौरस सेंटिमीटरचा मोठा दट्ट्या हजार किलो उचलतो. फुकट मात्र काही मिळत नाही. लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली जावा तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येतो.

हा नियम कागदावरून कारखान्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक कुलूपवाला होता. त्याची कुलपे भारी प्रसिद्ध होती. त्याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. अडचण एकच होती: दट्ट्याच्या कडेने पाणी गळायचे. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराने चामड्याची वाटीसारखी सील बसवली, असे श्रेय दिले जाते. पाण्याचा दाब वाढला की ती वाटी आपोआप अधिक घट्ट बसे. म्हणजे या विद्येचा पहिला शत्रू होता गळती. कचऱ्याचा विचार तेव्हा फारसा कोणाच्या मनात नव्हता.

पुढचे मोठे नाव विल्यम आर्मस्ट्राँग. हा मूळचा न्यूकॅसलचा वकील! वकिली करता करता त्याला पाण्याच्या दाबाचे वेड लागले आणि १८४६ साली त्याने तिथल्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. दाब साठवून ठेवण्यासाठी त्याने पुढे एक साधी, पण जबरदस्त युक्ती काढली. उभ्या नळकांड्यात पाणी भरायचे आणि वरच्या दट्ट्यावर कित्येक टन वजन ठेवायचे. पंपाने पाणी भरत राहावे, वजन वर चढत राहावे आणि क्रेनला गरज लागेल तेव्हा ते वजन खाली येत दाब देत राहावे. त्यानंतर जगभरच्या बंदरांत अशा क्रेन गेल्या. आपल्या मुंबईच्या जुन्या गोद्यांतही पाण्याच्या दाबावरच्या क्रेन होत्या.

या काळाचे सर्वांत नवलाचे उदाहरण म्हणजे लंडन. आज आपल्याकडे रस्त्याखालून गॅसच्या नळ्या जातात, तशा लंडनच्या रस्त्यांखालून 'दाबाच्या' नळ्या जात! १८८३ साली लंडन हायड्रॉलिक पॉवर कंपनीचे काम सुरू झाले. भरात असताना तिच्या नळ्यांचे जाळे सुमारे १८० मैल, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर होते. दर चौरस इंचाला ७०० पौंडांच्या आसपास दाब. त्यावर हॉटेलांच्या लिफ्ट चालत, गोदामांच्या क्रेन चालत, नाट्यगृहांची रंगमंचावरची यंत्रे चालत. ही कंपनी बंद पडली ती थेट १९७७ साली.

आता आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट. थेम्सचे पाणी काही गंगाजळ नव्हे. गाळ, वाळू, काड्या, सगळे त्यात. म्हणून नदीचे पाणी पंपात घालण्यापूर्वी गाळून घ्यावे लागे. वाळूचा कण चामड्याच्या सीलला आणि व्हॉल्व्हला खातो, हे तिथल्या लोकांना अनुभवाने कळले होते. पण काम झालेले पाणी सहसा सरळ गटारात सोडून देत. नदीतून घ्या, गाळा, वापरा, सोडा. म्हणजे गाळण्याचे काम दारात एकदाच. आत जे काही झिजले, ते पाण्याबरोबर वाहून जाई.

पाण्याचे दोष उघड होते. ते गोठते, लोखंडाला गंज आणते आणि ओंगणासारखे काम करत नाही. १९०६ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या 'व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर तोफा फिरवण्यासाठी पाण्याऐवजी तेल वापरणारी यंत्रणा बसली. तेलयुगाची सुरुवात साधारण तिथून धरतात. पुढे १९२५ साली हॅरी व्हिकर्सने आपला प्रसिद्ध व्हेन पंप काढला आणि तेलाची हायड्रॉलिक यंत्रे कारखान्या-कारखान्यांत शिरली.

हे स्थित्यंतर एकाच ठिकाणी पाहायचे तर लंडनचा टॉवर ब्रिज पाहावा. १८९४ साली तो सुरू झाला तेव्हा हजार टनांहून जड अशी त्याची दोन्ही पाती पाण्याच्या दाबावर उघडत आणि वाफेची इंजिने तो दाब तयार करीत. १९७६ पासून तिथे तेल आणि वीज काम करते. जुनी इंजिने प्रवाशांना पाहण्यासाठी ठेवली आहेत. आपली मुले-नातवंडे तिकडे जातात, पुलापुढे उभे राहून फोटो पाठवतात. पुढच्या वेळी इंजिनघरातही जाऊन या म्हणावे!

तर तेल आले, पण तेल महाग. ते गटारात कसे सोडणार? तेच तेल टाकीतून पंपात, पंपातून व्हॉल्व्हमध्ये, तिथून सिलिंडरमध्ये आणि पुन्हा टाकीत, असे वर्षानुवर्षे फिरू लागले. इथे सगळा हिशेब बदलला.

आम्हा बायकांना हे लगेच कळेल. तळणीचे तेल पहिल्या घाण्याला कसे सोन्यासारखे असते. पण पिठाचे कण तळाशी राहतात, दुसऱ्या घाण्याला काळे पडतात, तिसऱ्या घाण्याला भज्यांना चिकटतात. म्हणून आपण तेल गाळून ठेवतो. यंत्रातले तेल मात्र याहून वाईट वागते. पिठाचा कण निदान आणखी पीठ तयार करत नाही! यंत्रातला एक कठीण कण दोन धातूंच्या फटीत सापडला की तो धातू खरवडतो आणि त्यातून नवे कण निघतात. ते कण पुढे जाऊन आणखी खरवडतात. गावात एक अफवा सोडावी आणि संध्याकाळपर्यंत तिच्या दहा व्हाव्यात, तसे. बाहेरून आलेली घाण थोडी असते, यंत्र आपली घाण आपणच वाढवत जाते. म्हणून दारात एकदा गाळून भागत नाही, तेल फिरत असेपर्यंत गाळत राहावे लागते.

आणि हे कण दिसत नाहीत, ही खरी पंचाईत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. सुमारे चाळीस मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. आणि व्हॉल्व्हमधली फट असते काही मायक्रॉनची! म्हणजे जो कण यंत्राला खातो तो माणसाला दिसतच नाही. काचेच्या बरणीत धरून "तेल स्वच्छ आहे की" असे म्हणणाऱ्याला तेलातले काहीच कळलेले नसते.

सुरुवातीला लोकांचे यावाचून भागले, कारण यंत्रे ढोबळ होती. मोटारींना तेलाचा फिल्टर बसू लागला तो १९२०च्या दशकात. 'प्युरोलेटर' हे नाव 'शुद्ध तेल पुढे' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांना जोडून केलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आणि क्षेपणास्त्रे आली. १९५१ साली अमेरिकेत विल्यम मूगने सर्व्हो-व्हॉल्व्ह तयार केला. विजेच्या बारीकशा इशाऱ्यावर तेलाचा मोठा प्रवाह वळवणारे हे नाजूक यंत्र. याच्या फटी इतक्या बारीक, की धुळीचा गाळ साचला की आतला दांडा चिकटायचा. जमिनीवरचा प्रेस अडकला तर पाळी वाया जाते, पण आकाशात विमानाचे सुकाणू अडकले तर? मग मात्र सगळे जागे झाले. १९६४ साली अमेरिकेच्या विमान उद्योगाने तेलातले कण मोजून त्याला प्रत देण्याचे प्रमाण ठरवले.

याच काळातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. डेव्हिड पॉल नाव, जन्माने कॅनडाचा, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियमच्या संयुगासाठी लागणाऱ्या बारीक गाळणीवर त्याने काम केले. युद्धानंतर स्वतःची कंपनी काढली आणि विमानांच्या हायड्रॉलिक तेलाच्या गाळण्या केल्या. पुढे त्याच्या पत्नीला रक्ताचा गंभीर आजार झाला. तिला रक्त द्यावे लागे. ती १९५९ साली गेली. त्या अनुभवातून पुढे त्याने दात्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून टाकणारी गाळणी तयार केली. बॉम्ब, विमान आणि आजारी माणूस, तिन्ही ठिकाणी विद्या एकच: नको ते अडवायचे आणि हवे ते जाऊ द्यायचे.

आता प्रश्न उरला मोजण्याचा. पूर्वी फिल्टरवर नुसते 'दहा मायक्रॉन' लिहिलेले असे. म्हणजे दहा मायक्रॉनचे किती कण तो अडवतो? सगळे? अर्धे? प्रत्येक कारखानदाराचा अर्थ वेगळा. आमच्या वेळी काही शाळा स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासत आणि निकाल शंभर टक्के लावत, तसेच! अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात अर्नेस्ट फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात यावर नीट परीक्षा बसवली. तेल फिरत ठेवायचे, त्यात मोजून धूळ सोडत राहायचे आणि फिल्टरच्या अलीकडचे व पलीकडचे कण मोजायचे. अलीकडे दोनशे आणि पलीकडे एक, तर त्या आकाराच्या कणांसाठी फिल्टरचा 'बीटा' दोनशे. म्हणजे शंभरात साडेनव्व्याण्णव कण अडवले.

यात धूळसुद्धा सगळीकडे एकच हवी ना! तर ही धूळ येते अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतातून. वाळवंटी मातीची, चाळून प्रतवारी केलेली. जगभरच्या प्रयोगशाळा फिल्टरची परीक्षा त्या धुळीनेच घेतात. १९९२ साली जुन्या पद्धतीच्या धुळीचे उत्पादन थांबले, तेव्हा नवी धूळ ठरवून तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण करावे लागले. धुळीचेही प्रमाणपत्र असते, हे वाचून मला हसू आले होते.

तेलाची स्वच्छता सांगण्यासाठी आज आयएसओ ४४०६ हे प्रमाण वापरतात. त्यात १८/१६/१३ असे तीन आकडे असतात. एका मिलिलिटर तेलात चार, सहा आणि चौदा मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, याचे ते सांकेतिक आकडे. १८ म्हणजे १३०० ते २५०० कण. आकडा एकाने वाढला की कण दुप्पट. म्हणजे १८ चे २१ झाले तर "तीननेच वाढले" असे म्हणायचे नाही, ते आठपट झाले!

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकांतून मिळतो. त्यातली नावे शोध लावणाऱ्यांची आहेत. पण ही सगळी विद्या शेवटी एका माणसाच्या हातावर येऊन थांबते, जो ठरलेल्या दिवशी तो डबा उघडतो आणि आतली गाळणी बदलतो. तो माणूस पुस्तकांत नाही. माझ्या भावाच्या वह्यांत मात्र तो पानोपानी आहे.

शाळेच्या दोनशे पानी वह्यांत त्याने प्रत्येक मशिनची नोंद ठेवली होती. तारीख, किती तास चालले, कोणता फिल्टर बदलला, जुन्यात काय सापडले. जुना फिल्टर तो तसाच फेकत नसे. कापून, आतल्या घड्या उलगडून उन्हात पाहायचा. पिवळी चमक दिसली तर पंपातले पितळ झिजते आहे. काळे रबरी तुकडे म्हणजे कुठेतरी सील गेले. तांबूस गंज आणि दुधासारखे तेल म्हणजे आत पाणी शिरले. "ताई, डॉक्टर जीभ बघतो ना, तसं असतं हे," असे तो मला सांगे.

त्याचे नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले होते. मशिन बंद करून साठलेला दाब पूर्ण उतरवल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, कारण मशिन थांबले तरी अॅक्युम्युलेटरमध्ये दाब असतो आणि तो जीव घेऊ शकतो. झाकण काढण्यापूर्वी डबा बाहेरून पुसायचा, नाहीतर बाहेरची धूळ आपणच आत घालतो. पुसायला धागे सुटणारे कॉटन वेस्ट घ्यायचे नाही. नवा फिल्टर पिशवीतून अगदी शेवटच्या क्षणी काढायचा. कागदाचा किंवा काचतंतूचा फिल्टर पेट्रोलने धुऊन परत बसवायचा नाही. ड्रममधले नवे तेल नवे आहे म्हणून स्वच्छ समजायचे नाही, गाळूनच टाकीत भरायचे. टाकीच्या हवेच्या तोंडावरची जाळी विसरायची नाही, कारण तेलाची पातळी खाली-वर होताना टाकी श्वास घेते आणि शॉपमधली धूळ त्याच वाटेने आत जाते.

आणखी एक गोष्ट त्याने मला फार पूर्वी समजावली होती. पुष्कळ फिल्टरांना बायपास असतो. गाळणी चोंदली की तेलाची वाट अडू नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. मशिन थांबत नाही, आवाज बदलत नाही, काम चालू राहते. फक्त डब्यावरची लाल खूण वर येते. ती पाहणारा कोणी असेल तर!

एका मंदीच्या वर्षी त्याच्या कारखान्यात नव्या फिल्टरांची खरेदी थांबवली. "जुनेच धुऊन लावा" असे तोंडी सांगितले. वहीत त्या महिन्यांत एकाखाली एक तीच ओळ आहे: 'खूण लाल. फिल्टर शिल्लक नाही. स्टोअरला कळवले.' सातव्या नोंदीनंतर मोठ्या प्रेसचा पंप गेला. नव्या पंपाची किंमत वाचलेल्या फिल्टरांच्या कित्येक पट. चौकशी झाली आणि मेमो मिळाला तो त्याला, देखभालीत हलगर्जी केल्याबद्दल. त्याने वही नेऊन दाखवली. साहेबांनी ती पाहिली, "तुमचं बरोबर आहे" असेही म्हणाले. पण मेमो मागे घेतला नाही. कागदावर कोणाचे तरी नाव हवे होते.

मला तेव्हा फार राग आला होता. "तू भांडत का नाहीस?" असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "भांडलो ना. पण ताई, पंप चालला तेव्हा कधी कुणी माझं नाव घेतलं होतं? बंद पडल्यावरच आठवण होते." दुसऱ्या आठवड्यात फिल्टर आले. त्याने ते बसवले आणि वहीत तारीख लिहिली. अक्षर नेहमीसारखेच आहे.

इतिहास शिकवणारी म्हणून मला हे वाक्य आजही टोचते. आपला सगळा इतिहास घडलेल्या गोष्टींचा असतो. लढाई झाली, राजा मेला, पूल बांधला, यंत्र निघाले. देखभालीचे यश मात्र न घडण्यात आहे. पंप गेला नाही, बोट तुटले नाही, विमान पडले नाही. जे घडलेच नाही त्याची सनावळी कशी लिहायची? टॉवर ब्रिजच्या उद्घाटनाची तारीख सगळ्यांना मिळते. त्यानंतर तो हजारो वेळा बिनबोभाट उघडला आणि मिटला, त्या प्रत्येक वेळेमागे कोणीतरी तेल-पाणी पाहिले होते. त्यांची नावे कुठे शोधणार?

साधने नाहीत असे मात्र नाही. ती लॉगबुकांत, पाळीच्या रजिस्टरांत, दोनशे पानी वह्यांत आहेत आणि रद्दीत चालली आहेत. कारखाना बंद झाला की त्याची यंत्रे भंगारात जातात, पण त्यांचा निदान भाव होतो. वह्या किलोवर जातात.

असो. लांबण बरीच लागली. यंत्राच्या बाबतीत जाणकारांनी चुका दाखवाव्यात, मी जरूर दुरुस्त करीन. भावाच्या चौदा वह्या आता माझ्याकडे आहेत आणि भाची त्यांचे एकेक पान स्कॅन करते आहे. आपल्या नात्यात गिरणीत, साखर कारखान्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, एसटीच्या डेपोत देखभालीला राहिलेली मंडळी अजून आहेत. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा त्यांना इतकेच विचारा: तुमच्या हाताखालचे कोणते मशिन सर्वांत जास्त वर्षे चालले, आणि त्यासाठी तुम्ही रोज काय करत होता? सांगतील ते लिहून घ्या. शक्य असेल तर मलाही पाठवा.